बावीस रुपये भाडं

गेल्या महिन्यात माडीवरच्या काकूंच्या मुलाचा फोन आला. "ताई, आंबेगावला एक टू-बीएचके बघतोय. राहायला नाही, भाड्यानं द्यायला. तुला अनुभव आहे, जरा सांग ना काय काय बघायचं."

मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि एकटीच हसत बसले. कारण या मुलाचं बिऱ्हाड आमच्या आजोबांना महिना बावीस रुपये भाडं देत होतं. शेवटपर्यंत.

आमचा वाडा शनिवार पेठेत होता. मधे चौक, चौकात नळकोंडाळं, मागे सामाईक संडास, वर मंगलोरी कौलं आणि आठ बिऱ्हाडं. 1947 साली भाडे नियंत्रणाचा कायदा आला आणि भाडी गोठली ती गोठलीच. आजोबा दर महिन्याच्या सात तारखेला पावतीपुस्तक घेऊन पडवीत बसायचे. आठही बिऱ्हाडांचं मिळून 183 रुपये जमायचे. 1994 च्या पावसाळ्यात माडीवर गळायला लागलं तेव्हा एकट्या गवंड्याच्या दोन दिवसांच्या मजुरीतच तेवढे गेले, कौलं वेगळी. काकू भांडायला खाली आल्या. आजोबांनी त्यांच्यासमोर पावतीपुस्तक उघडून ठेवलं. दोघंही बरोबर होते आणि कौलं गळतच राहिली.

पुण्यातले वाडे लोकांच्या निष्काळजीपणानं पडले असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. ते या पावतीपुस्तकांनी पाडले. 1999 चा नवा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला, तेव्हा वर्षाला 4 टक्के भाडेवाढ करायची मुभा मिळाली. बावीस रुपयांचे 4 टक्के म्हणजे अठ्ठ्याऐंशी पैसे. आजोबांनी तो हिशोब पाठकोऱ्या कागदावर केला, कागदाची घडी घातली आणि चष्म्याच्या घरात ठेवून दिली.

पुढे वाडा बिल्डरला गेला. भाडेकरूंना नव्या इमारतीत मालकीच्या जागा मिळाल्या, आमच्या घरातल्यांना हिस्से मिळाले. माझ्या वाट्याच्या पैशांतून, थोडी भर घालून, 2018 साली मी धायरीत एक जुना, म्हणजे आठ वर्षं वापरलेला फ्लॅट घेतला. भाड्यानं द्यायला. घरात सगळ्यांनी एकच वाक्य ऐकवलं: "भाडेकरू शिरला की निघत नाही, आजोबांचं काय झालं बघितलंस ना?" त्यामुळे मी माझी सगळी अक्कल भाडेकरू निघेल कसा यावर खर्च केली. पैसे गेले ते भलतीकडूनच.

तर या मुलाला मी आधी त्याचा हिशोब विचारला. फ्लॅट 52 लाखांचा, कर्ज 35 लाखांचं, भाडं वीस हजार येईल असं एजंट म्हणतोय. "भाड्यातच हप्ता निघेल, ताई." मी म्हटलं, हप्ता किती ते बँकेला विचारलंस का? साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी 35 लाखांचा हप्ता साधारण 30,400 रुपये होतो. भाडं अगदी वीस हजार आलं तरी दर महिन्याला दहा हजार चारशे खिशातले. आणि भाडं बारा महिने येत नाही.

त्याला माझ्या पहिल्या वर्षाची वही वाचून दाखवली. फ्लॅटचा करारनामा 38 लाखांचा. तेव्हा 6 टक्के मुद्रांक शुल्क होतं, ते 2 लाख 28 हजार. नोंदणी तीस हजार, सोसायटीची ट्रान्स्फर फी पंचवीस हजार, एजंटचा एक टक्का, शिवाय रंग, गिझर, पंखे, किचन ट्रॉल्या. सगळं मिळून 42 लाख 81 हजार. (आता पुणे शहरात मुद्रांक शुल्क 7 टक्के आहे. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत मिळते. तो लगेच म्हणाला, "मग आईच्या नावावर घेऊ?" म्हटलं, आईला आधी विचार.)

भाडं ठरलं 12,500. म्हणजे वर्षाचे दीड लाख. मी मनात दीड लाख धरून चालले होते. त्यातले दोन महिने घर रिकामं गेलं, पंचवीस हजार तिथेच कमी. सोसायटीचा मेंटेनन्स 21,600. भाड्यानं दिलं म्हणून बिनभोगवटा शुल्क बाराशे; हे सोसायटीला सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, 2001 सालापासून सरकारचा तसा आदेश आहे, तरी मागून बघतात. मिळकतकर 9,400. स्वतः राहत असाल तर पुणे महापालिका मिळकतकरात 40 टक्के सवलत देते, भाड्यानं दिलं की ती जाते, हे मला बिल हातात पडेपर्यंत माहीत नव्हतं. एजंटची दलाली एका महिन्याचं भाडं. दुरुस्त्या 14,300. खाली उरले 66,000.

बेचाळीस लाख एक्क्याऐंशी हजारांवर सहासष्ट हजार, म्हणजे दीड टक्का. बँकेत ठेव ठेवून झोपले असते तर याच्या चौपट व्याज आलं असतं. पुढच्या वर्षांत ते सुधारलं, भाडं आता अठरा हजारांवर आहे, पण माझ्या ओळखीत पुण्यात कुणाचंही निव्वळ उत्पन्न अडीच टक्क्यांच्या वर गेलेलं मी पाहिलेलं नाही. जे चार-पाच टक्के सांगतात ते रिकामे महिने मोजत नाहीत. जागेची किंमत वाढेल या भरवशावर घ्यायचं असेल तर घे, पण मग तसं कबूल करून घे. त्याला 'दर महिन्याचं उत्पन्न' म्हणू नकोस. निदान सहा महिन्यांचे हप्ते बाजूला काढून ठेवल्याशिवाय तर सहीच करू नकोस.

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "दुरुस्त्या चौदा हजार कसल्या गं? आठच वर्षं तर वापरलेला होता."

ती गोष्ट सांगायला मला आवडत नाही, पण सांगितली.

माझे पहिले भाडेकरू नांदेडकडचं एक जोडपं आणि त्यांची पहिलीतली मुलगी. माणसं सरळ. जुलैत त्या बाईंचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला: बेडरूमच्या भिंतीवर, कपाटाच्या बाजूला, बशीएवढा ओलसर डाग. "मॅडम, इथे ओल येतेय." मी उत्तर दिलं, "पावसाळा आहे, खिडकी उघडी ठेवत जा." दहा दिवसांनी पुन्हा फोटो. डाग आता ताटाएवढा. मी रंगारी पाठवला. त्यानं पोपडे खरवडले, पुट्टी मारली, रंग दिला. ऑगस्टमध्ये पोपडे परत. मला मनातून वाटायला लागलं की ही मंडळी बाथरूममध्ये बादल्याच्या बादल्या पाणी ओतत असणार. तसं मी नवऱ्याला म्हणालेही. आजोबांच्या पडवीत बसलेली मीच, फक्त पावतीपुस्तकाच्या जागी मोबाइल होता.

गणपतीत आरतीला म्हणून त्यांनी बोलावलं तेव्हा मी पहिल्यांदा त्या बेडरूममध्ये पाच मिनिटं उभी राहिले. कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलेलं. मागे वर्तमानपत्रं पसरलेली, ती भिजून पिवळी पडलेली. मुलीची पाठ्यपुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून, खिडकीच्या गजाला टांगलेली. त्या बाई म्हणाल्या, "कपड्यांना वास येतो ना मॅडम, म्हणून शाळेचा ड्रेस हॉलमध्ये ठेवतो." तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. मी प्रसाद घेतला आणि पुन्हा रंगारीच पाठवला.

ऑक्टोबरअखेर ते गेले. भांडण नाही, काही नाही. एक महिन्याची नोटीस, घर पुसून स्वच्छ. त्यानंतरचे दोन महिने जो येई तो त्या भिंतीपाशी नाक उडवून परत जाई. शेवटी धायरी फाट्यावरचा एक म्हातारा प्लंबर आला. त्यानं बाथरूममध्ये बसून स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं एकेक फरशी वाजवली. नहाणी ट्रॅपभोवतीच्या, म्हणजे पाणी जायच्या जाळीभोवतीच्या, चार फरश्या पोकळ वाजल्या. "ताई, रंगाला पैसे घातले का?" म्हणाला. "पाणी हितून चाललंय, भिंत काय करणार?" बाथरूम फोडून वॉटरप्रूफिंग पुन्हा केलं, 31,000 रुपये लागले, ते पुढच्या वर्षाच्या वहीत. त्या भिंतीला त्यानंतर आजतागायत काही झालेलं नाही. चांगला भाडेकरू मात्र गेला, आणि त्यानं मला तीनदा आधी सांगितलं होतं.

म्हणून मी त्या मुलाला म्हटलं, घर बघायला जाशील तेव्हा मालक म्हणून जाऊ नकोस. मालक लॉबीतला ग्रॅनाइट बघतो, क्लबहाउस बघतो, समोर येणारा रस्ता बघतो. भाडेकरूला क्लबहाउसचं काय? ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशिनला नळ आहे का, पावसाळ्यात चार माणसांचे कपडे वाळतील का, ओट्यावर मिक्सर आणि इंडक्शन एकदम लावायला दोन प्लग आहेत का, दुचाकी कुठे लावायची, रात्री साडेदहाला बस आहे का, ते त्याला हवं असतं. जमल्यास जुलै-ऑगस्टात जा. कपाटं उघडून वास घे. वरच्या मजल्यावर कोण राहतं आणि त्यांचं बाथरूम कुठे येतं ते विचार. गच्चीतून किंवा बाहेरच्या पाइपातून पाणी आलं तर ते सोसायटीनं बघायचं असतं, घरातल्या नळ-संडासाचं ज्याचं त्यानं, आणि या दोन वाक्यांच्या मधे कित्येकांची वर्षं जातात. सर्वांत वरचा मजला स्वस्त मिळतो तो का, हे एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

कागदपत्रांचं मी थोडक्यात सांगितलं, कारण तिथे वकील लागतोच आणि लावावाच. मागच्या मालकांची साखळी, इंडेक्स टू म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला, विजेचं शेवटचं बिल. बांधकाम चालू असलेला घ्यायचा तर 5 टक्के जीएसटी वेगळा, आणि ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य.

त्याचा पुढचा प्रश्न मला अपेक्षित होता. "आणि भाडेकरू निघाला नाही तर?"

हे ज्याच्या घरानं बावीस रुपयांत साठ वर्षं काढली त्यानं विचारावं! पण त्याच्यावर तरी काय हसायचं, ही भीती पुण्या-मुंबईत हवेतच आहे. 1 फेब्रुवारी 1973 रोजी जे लोक नुसते परवान्यावर राहत होते त्यांनाही कायदा बदलून भाडेकरूचं संरक्षण मिळालं, तेव्हापासून मालकमंडळींनी असा धसका घेतला की अकरा महिन्यांच्या वर करारच करेनात. खरं तर आता अकरा महिन्यांचं काही पावित्र्य उरलेलं नाही. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसेन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी नुसती राहायची परवानगी देणारा, करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोटरी करून आणलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी केली नाही आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, दुसरं सिद्ध होईपर्यंत. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. लोक हे वाचवतात कशासाठी? भाडं अठरा हजार, डिपॉझिट पन्नास हजार, अकरा महिने, तर मुद्रांक शुल्क पाव टक्क्यानं पाचशे रुपयांच्या आसपास, आणि शहरात नोंदणी फी हजार. एजंट घरी येऊन अंगठे घेऊन जातो. आणि करार नोंदवलेला असला, मुदत संपली आणि माणूस तरी हलला नाही, तर दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या नसतात. भाडे कायद्यानंच नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या दिवसांचं दुप्पट भाडं मागता येतं. मी आता तीन वर्षांचा करार करते, दर वर्षी किती वाढ ते त्यातच लिहिते. अकरा महिन्यांनी दर वेळी नवी दलाली आणि नवी धाकधूक, यात माझा काहीच फायदा नव्हता, एजंटचा होता.

पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन कळवायची, तेही मालकानंच. डिपॉझिट आमच्या भागात दोन-तीन महिन्यांच्या भाड्याएवढं घेतात. ते वेगळ्या खात्यात ठेव. परत द्यायच्या दिवशी हात आखडणारे मालक मी पुष्कळ पाहिलेत. 'रंगाचे कापले' हे त्यांचं आवडतं वाक्य. घर देताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढायचा, मीटरच्या आकड्याचा फोटो काढायचा आणि भाडेकरूलाही पाठवून ठेवायचा. तो त्याच्याही उपयोगाचा असतो.

एका बाबतीत मात्र मी त्याच्यावर चिडले. "फॅमिलीच बघतो, आणि आपल्यातलेच," असं म्हणाला. आपल्यातले म्हणजे कोण रे? त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं. धायरीत घर रिकामं असताना मीही एकदा आडनाव ऐकून 'कळवते' म्हटलं होतं, ते आठवून अजून कसंसं होतं. हिशोबापुरतंच बोलायचं तरी त्या 'कळवते'ची किंमत एक रिकामा महिना होती. माझ्याकडे सर्वांत जास्त काळ, तीन वर्षं, राहिल्या त्या हॉस्पिटलात काम करणाऱ्या तीन मुली, ज्यांना सोसायटीनं आधी 'बॅचलर' म्हणून नाक मुरडलं होतं. गिझरचा आवाज बदलला तरी त्यांचा फोन यायचा. आणि आता भाडेकरूंचे फोन मी त्याच दिवशी उचलते, प्लंबर दुसऱ्या दिवशी जातो.

प्राप्तिकराचं त्यानं विचारलं तेव्हा कंटाळा येऊनही सांगितलं, कारण तिथे लोक फसतात. भाड्यातून त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर वजा होतो, उरलेल्यातून सरसकट 30 टक्के वजा होतात, मग दुरुस्ती करा वा न करा. मेंटेनन्सची पावती वेगळी दाखवता येत नाही. कर्जाचं व्याज भाड्यातून वजा होतं, पण नव्या करप्रणालीत त्यातून येणारा तोटा पगारातून वळता करता येत नाही. 'कर वाचेल' म्हणून दुसरं घर घेणाऱ्यांनी इथे थांबावं. माझी आतेबहीण सिंगापूरला असते, तिचा बाणेरला फ्लॅट आहे. मालक परदेशात राहत असला की भाडं कितीही असो, भाडेकरूनं कर कापून भरायचा असतो, हे तिला आणि तिच्या भाडेकरूला तीन वर्षांनी एकदमच कळलं.

शेवटी तो म्हणाला, "ताई, तू ये ना बघायला." रविवारी गेलो. त्यानं काकूंनाही आणलं होतं. चौऱ्याऐंशीच्या आहेत, काठी टेकत चालतात. मी टॉर्च आणि चार्जर घेऊन गेले होते. चार्जर प्रत्येक प्लगमध्ये लावून बघितला, फरश्या वाजवल्या, फ्लश ओढला. एजंट माझ्यामागून फिरत 'व्हेंटिलेशन', 'अमेनिटीज' असं काहीबाही बोलत होता. मुलगा गॅलरीतून समोरचा डोंगर बघत होता. त्याला फ्लॅट आवडला होता, हे त्याच्या पाठीवरूनही कळत होतं.

काकू मात्र सरळ स्वयंपाकघरात गेल्या. खिडकी उघडली, हात बाहेर काढून दोरी बांधता येईल का ते चाचपलं. सिंकखालचं दार उघडून वाकून वास घेतला. ओट्यावर तळवा ठेवून उंची बघितली. मग एजंटला विचारलं, "पाणी किती वाजता येतं?"

"चोवीस तास, आजी."

काकूंनी नळ सोडला. आधी नुसतीच हवा आली, फुस्स करून. मग नळ खोकला, तांबूस पाण्याची करंगळीएवढी धार आली आणि बारीक होत गेली. काकूंनी धारेखाली बोट धरून ठेवलं, धार थेंबांवर येईपर्यंत. मग पदराला बोट पुसलं.

"आणि टँकरचे पैसे कोण देतं?"

एजंटनं खिशातून फोन काढला आणि कुणाला तरी लावत गॅलरीत गेला.